पाऊण तासाचा मॅक्रो

मी जो काही आहे तो माझी थोरली बहीण शालन, म्हणजे आमची अक्का, हिच्यामुळे आहे. आटपाडीत तिची पिठाची गिरणी आहे. वडील गेल्यावर तिने शाळा सोडली आणि गिरणीत उभी राहिली, म्हणून मी शाळेत बसू शकलो. पुढे सांगलीला बी.एस्सी. केलं, पुण्यात कॉम्प्युटरचा डिप्लोमा केला. आमच्या घरात डिग्री घेणारा मी पहिला. आणि नव्वदीच्या दशकाच्या मध्यावर, मार्चमधल्या एका सोमवारी, मी इंग्लंडात मेडनहेडच्या एका ऑफिसात उभा होतो आणि माझे मॅनेजर कॉम्प्युटरच्या स्क्रीनकडे संशयाने बघत होते.

"विल, हे झालं?" त्यांनी विचारलं. विलासचं विल ऑफिसने पहिल्याच दिवशी केलं होतं.

"हो सर."

"सगळं?"

"सगळं, सर."

"पण काहीच हललं नाही."

मॅनेजरचं नाव मिस्टर पेंबर्टन. ते मला "जेफ्री म्हण" असं सांगायचे आणि मी "येस सर" म्हणायचो. माणूस सज्जन होता. हातात कायम चहाचा मग, त्यावर कुठल्यातरी कुत्र्याचं चित्र. त्या दिवशी त्यांनी मग टेबलावर ठेवला. इंग्रज माणूस चहा संपायच्या आत मग खाली ठेवतो तेव्हा काहीतरी बिघडलंय असं समजावं. हे मला तेव्हा माहीत नव्हतं. मला वाटत होतं की शाबासकी मिळणार.

काय झालं होतं ते सांगतो.

आमची कंपनी गवत कापायच्या मशिनचे सुटे भाग विकायची. पाती, पट्टे, स्प्रिंगा, प्लग. यावर कुणाचं पोट भरतं का असं आपल्याकडच्या माणसाला वाटेल. पण तिथे तुमच्या दारातलं गवत वाढलं तर शेजारी भांडत नाही. तो तुमच्याशी फक्त हवेबद्दल बोलायला लागतो. ते भांडणापेक्षा वाईट असतं. त्यामुळे एप्रिल लागला की अख्खा देश गवत कापायला निघतो, आणि कुठल्या डेपोत कुठला भाग कमी आहे हे मार्चमध्येच बघून ठेवावं लागतं.

हे सगळं एका स्प्रेडशीटवर असायचं. स्प्रेडशीट म्हणजे कॉम्प्युटरवरचा चौकटींचा भलामोठा कागद. आडव्या ओळीत एकेक सुटा भाग, उभ्या रांगेत एकेक डेपो. प्रत्येक चौकटीला सेल म्हणतात. त्या सेलमध्ये त्या डेपोत तो भाग किती शिल्लक आहे तो आकडा. दर सोमवारी प्रत्येक सेल तपासायचा, आकडा ठरावीक मर्यादेच्या खाली गेला असेल तर तो सेल लाल करायचा आणि तो भाग मागणीच्या यादीत टाकायचा. सेल हजारो. माणसाने केलं तर आठवडा जाईल. म्हणून त्यासाठी मॅक्रो होता. मॅक्रो म्हणजे कॉम्प्युटरला एकदा शिकवून ठेवलेलं काम. बटण दाबलं की तो ते आपलं आपण करतो. आणि एकच काम एका सेलवरून दुसऱ्या सेलवर जात शेवटपर्यंत करत राहणं याला लूप म्हणतात.

लूप समजायला सोपा आहे. लग्नातली पंगत डोळ्यासमोर आणा. वाढपी पहिल्या पानापासून निघतो, प्रत्येक पानापुढे वाकतो, भात नसेल तर वाढतो, पुढे सरकतो. पंगत संपली की थांबतो.

आमच्या ऑफिसातला मॅक्रो कोणीतरी जुन्या माणसाने करून ठेवला होता आणि तो माणूस नोकरी सोडून गेला होता. त्याचा वाढपी असा होता: भाताची परात स्वयंपाकघरात ठेवून मोकळ्या हाताने यायचा. पहिल्या पानापुढे वाकायचा. किती भात लागेल हे विचारायला परत स्वयंपाकघरात जायचा. आचाऱ्याला विचारून, एक मूद घेऊन यायचा. ती वाढायचा. मग फोटोग्राफरला बोलवायचा आणि पानाचा फोटो काढून घ्यायचा. मग दुसरं पान.

म्हणजे हा मॅक्रो प्रत्येक सेलवर जाऊन तो निवडायचा, मग दुसऱ्या शीटवर उडी मारून मर्यादा बघायचा, परत यायचा, रंग द्यायचा, आणि प्रत्येक उडीला सगळी स्क्रीन नव्याने रंगवली जायची. स्क्रीन सारखी लुकलुकायची. एका फेरीला पाऊण तास लागायचा.

हा पाऊण तास सोमवारी सकाळी दहाला सुरू व्हायचा. मॅक्रो मॉरीनच्या कॉम्प्युटरवर चालायचा. मॉरीन स्टॉक क्लार्क होती, पन्नाशीची, आवाज खणखणीत. ती बटण दाबायची, मॉनिटरवर 'हात लावू नये' असा हाताने लिहिलेला पुठ्ठा टांगायची आणि किटली लावायची. तेवढा वेळ तिला दुसरं काम करता यायचं नाही, कारण कॉम्प्युटर गुंतलेला. त्या यादीशिवाय बाकीच्यांचंही पान हलायचं नाही. मग सगळे मॉरीनच्या कोपऱ्यात चहा घेऊन उभे राहायचे. पेंबर्टनसाहेबसुद्धा वरच्या मजल्यावरून खाली यायचे आणि स्क्रीनवर उड्या मारणारा चौकोन बघत राहायचे. बाहेरचे पाहुणे आले तर त्यांनाही आणून दाखवायचे. एकदा मला म्हणाले, कुणीतरी मन लावून काम करतंय हे बघायला बरं वाटतं.

मी नवा होतो. मला ते सगळं बघून जीव कासावीस व्हायचा. एवढी माणसं, भर कामाच्या वेळी, एका वाढप्यासाठी ताटकळत उभी.

शिवाय माझी स्वतःची अडचण होती. पुण्याच्या कंपनीने मला थोड्या मुदतीसाठी इथे पाठवलं होतं आणि मुदत संपत आली होती. इथल्या कंपनीने ठेवून घेतलं आणि तसं पत्र क्रॉयडनच्या सरकारी ऑफिसात दिलं, तरच व्हिसा वाढणार. ते पत्र द्यायचं की नाही हे पेंबर्टनसाहेबांच्या हातात. पुण्याहून कळवलं होतं की परत आलास तर सध्या तुला देण्यासारखं काम नाही. आणि अक्काच्या प्रत्येक पत्रात शेवटी एकच प्रश्न असायचा: "कंपनीने ठेवून घेतलं का?"

तेव्हा मी ठरवलं की ठेवून घेण्यासारखं काहीतरी करून दाखवायचं.

मी वाढप्याला शिस्त लावली. कुठल्या भागाची मर्यादा किती हे त्याला निघायच्या आधीच पाठ करायला लावलं. परात त्याच्या कडेवर दिली. फोटोग्राफरला मांडवाबाहेर काढलं आणि सांगितलं, पंगत उठली की एकदम एकच फोटो काढ. कॉम्प्युटरच्या भाषेत या फार तर दहा-बारा ओळी. मॅक्रो सुरू केला. चहाचा घोट घेऊन मग खाली ठेवेपर्यंत संपला.

मला वाटलं काहीतरी चुकलं. पुन्हा चालवला. पुन्हा तेच. यादी बरोबर, लाल सेल बरोबर. मी मनातल्या मनात अक्काला नमस्कार केला आणि सोमवारची वाट बघत बसलो.

तो हा सोमवार. मॉरीनने बटण दाबलं, पुठ्ठा उचलला, आणि तो टांगायच्या आधीच सगळं संपलं. ती पुठ्ठा हातात धरून उभी राहिली. किटली अजून गरमसुद्धा झाली नव्हती.

"विल, लव्ह," ती म्हणाली (ती सगळ्यांनाच लव्ह म्हणायची), "तू मोडलंस का हे?"

मोडलं नाही हे मी सगळ्यांना समजावून सांगितलं. पेंबर्टनसाहेबांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले की यादी त्यांना बरोबर दिसते आहे, त्याबद्दल तक्रार नाही. पण कॉम्प्युटरने प्रत्येक सेल खरोखर बघितला हे त्यांनी कशावरून मानायचं? आधी तो बघताना दिसायचा. आता नुसता निकाल दिसतो.

"उत्तर बरोबर असलं म्हणजे त्याने बघितलंच असेल, सर," मी म्हणालो.

"माझा मुलगा गणितात असंच म्हणायचा," ते म्हणाले. "तो शेजारच्याचं बघून लिहायचा."

यावर इंग्रजी पद्धतीचा उपाय झाला. एक रिव्ह्यू ग्रुप नेमला गेला. वरच्या मजल्यावरच्या मीटिंग रूममध्ये, अजेंडा, बिस्किटं आणि पाण्याच्या जगसकट, मी फळ्यावर चौकोन काढून लूप समजावला. पंगतीचा दाखला तिथे देता येईना. इंग्रजांच्या लग्नात जो तो आपलं ताट घेऊन रांगेत उभा राहतो, वाढपी कशाशी खातात हे त्यांना माहीत नाही. मी पोस्टमन वापरला. पोस्टमन प्रत्येक दारात जातो, फक्त आता तो पत्रं पिशवीत घेऊन निघतो. एकाने विचारलं की मग पोस्टमनच्या नोकरीचं काय? अर्धा तास त्यावर गेला. शेवटी मिनिट्समध्ये, म्हणजे मीटिंगच्या इतिवृत्तात, लिहिलं गेलं की विलने सविस्तर माहिती दिली, ग्रुपने ती नोंदवली, आणि विषय पुढच्या मीटिंगला घ्यावा. तोवर नवा मॅक्रो चालू राहील, देखरेखीखाली.

दरम्यान सोमवार येत होते आणि चुटकीसरशी संपत होते. कोपऱ्यात कोणी जमत नव्हतं, कारण थांबायला निमित्त नव्हतं. यादी दहा वाजून एक मिनिटाने हातात, मग उभं कशाला राहायचं? पेंबर्टनसाहेब खाली येईनासे झाले. त्यांना भेटायचं तर वर त्यांच्या सेक्रेटरीकडून वेळ घ्यायची, आणि वेळ मिळायची पुढच्या पंधरवड्यातली.

गोडाऊनमध्ये डेरेक होता. फोर्कलिफ्ट, म्हणजे माल उचलायची गाडी, चालवायचा. सहा फूट उंच, पण साहेबापुढे तोंड उघडायचं म्हणजे त्याला घाम फुटायचा. त्याची बायको आजारी होती, मंगळवारी तिला हॉस्पिटलमध्ये न्यावं लागे, आणि त्यासाठी त्याला शिफ्ट बदलून हवी होती. सेक्रेटरीने त्याला अर्ज लिहून द्यायला सांगितलं होतं. डेरेकने तो लिहिला नाही. लिहिण्यासारखं काय आहे त्यात, तो म्हणाला, बोलण्यासारखं आहे. मग तो मंगळवारी चोरून अर्धा तास आधी निघायला लागला आणि सुपरवायझरने त्याची नोंद केली. फोर्कलिफ्टचा ब्रेक घासला होता, त्याची दुरुस्ती मंजूर व्हायची राहिली. सेल्सवाल्यांनी गिऱ्हाइकांना कबूल केलेली पाती गोडाऊनवाले देईनात आणि दोघे एकमेकांना मेमो पाठवू लागले. मेमोची भाषा फार सभ्य होती. इंग्रजीत जितकं सभ्य लिहिलं जातं तितकं भांडण मोठं असतं.

मी तेव्हा काळे डॉक्टरांच्या घरी भाड्याने राहायचो. डॉक्टर आणि काळेकाकू साठच्या दशकात आलेले, मुलगी नेहा इथेच जन्मलेली. जेवताना मी मोठ्या अभिमानाने मॅक्रोची हकीकत सांगितली. डॉक्टर वा वा म्हणाले. नेहा म्हणाली, "विलासदादा, तू सो फास्ट केली, मग ऑफिसमध्ये सगळे हॅपी झाले?" मी म्हणालो, अजून तरी नाही.

काळेकाकू आमटी वाढत होत्या. त्या म्हणाल्या, "अरे, इतक्या घाईने काम संपवलंस तर ठेवतील कशाला तुला?"

मी हसलो. पण त्या दिवशी आमटी नीट गेली नाही.

महिनाअखेरीला आमच्या ऑफिसचा, म्हणजे ब्रँचचा, रिपोर्ट आला. त्यात एक ग्राफ होता. मंजुऱ्या, दुरुस्त्या, तक्रारींचा निपटारा, सगळ्याच्या रेषा माझ्या मॅक्रोच्या सोमवारपासून खाली घसरल्या होत्या. खाली लिहिलं होतं की नवा वेगवान मॅक्रो लागू झाल्यापासून ब्रँचच्या कामाचा वेग मंदावला आहे. मी स्टॅटिस्टिक्स घेऊन बी.एस्सी. झालेला. मला त्यात चूक काढायची होती. निघेना. आकडे खरे होते.

पेंबर्टनसाहेबांनी मला वर बोलावलं. म्हणाले, मी हुशार आहे याबद्दल शंका नाही, पण मी इथे रुळतोय का, टीममध्ये बसतोय का, याचा त्यांना विचार करावा लागेल. क्रॉयडनला पाठवायचं पत्र त्यांच्या टेबलावरच होतं, टाइप केलेलं, सही नसलेलं. रिव्ह्यू ग्रुपचा निकाल येईपर्यंत ते तिथेच राहील, असं ते म्हणाले. निकाल पुढच्या आठवड्यात. माझा व्हिसा त्याच महिन्यात संपत होता.

रिव्ह्यू ग्रुपने ठरवलं की एक सोमवार जुना मॅक्रो चालवून बघायचा आणि दोन्ही याद्या ताडून पाहायच्या. मला आनंद झाला. याद्या जुळणार आणि मी सुटणार.

त्या सोमवारी दहाला मॉरीनने जुना मॅक्रो लावला. पुठ्ठा टांगला. किटली लावली. स्क्रीन लुकलुकायला लागली आणि मधाला मुंग्या लागाव्यात तशी माणसं त्या कोपऱ्यात जमली. मी घड्याळ हातात घेऊन बाजूला उभा होतो. मला फक्त मॅक्रो बघायचा होता, पण कानावर दुसरंच यायला लागलं.

पेंबर्टनसाहेब मग घेऊन खाली आले आणि स्क्रीनपुढे उभे राहिले. डेरेक त्यांच्या शेजारी येऊन उभा राहिला. दोघेही स्क्रीनकडेच बघत होते. एकमेकांकडे बघायचं नाही म्हटल्यावर डेरेकला घाम फुटला नाही.

"बायको कशी आहे, डेरेक?"

"मंगळवारी हॉस्पिटल असतं, जेफ्री. दर मंगळवारी."

"मग मंगळवारी सकाळची शिफ्ट घे ना. आधी का नाही सांगितलंस?"

चौकोन पुढच्या ओळीवर गेला. दोघांनी चहाचा घोट घेतला.

मग ब्रेकचा विषय निघाला, तो तिथेच मंजूर झाला. सेल्सचा माणूस आणि गोडाऊनचा माणूस एकाच बिस्किटाच्या डब्यात हात घालायला गेले, दोघांनी सॉरी म्हटलं, आणि त्या सॉरीच्या मागून पात्यांचाही निकाल लागला. जुना मॅक्रो अजून निम्म्यावर होता. ब्रँचची महिन्याभराची तुंबलेली कामं संपली होती.

मला आमची गिरणी आठवली. एकदा अक्काने जुनी मोटर काढून मोठी मोटर बसवली. दळण भराभर व्हायला लागलं. आठवड्याभरात बायका कुरकुरायला लागल्या की पीठ करपतंय, भाकरी थापता येत नाही. अक्काने पिठात हात घालून बघितलं. पीठ थंड होतं. मी तेव्हा कॉलेजात. मी तिला म्हणालो, या बायका अडाणी आहेत, थर्मामीटर आणून दाखवू का? तिने माझ्याकडे बघितलं आणि दुसऱ्या दिवशी मोटरीच्या पट्ट्याचं चाक बदलून जातं सावकाश केलं. पुढे पीठ करपल्याची तक्रार आली नाही. दळणाला आलेल्या बायका पुन्हा दारातल्या कट्ट्यावर बसायला लागल्या. गावातली निम्मी लग्नं त्या कट्ट्यावर जमायची आणि निम्मी भांडणं मिटायची.

हे सगळं मला माहीत होतं. डिग्रीच्या भानगडीत विसरलो होतो.

दोन्ही याद्या जुळल्या. शेवटच्या सेलपर्यंत जुळल्या. रिव्ह्यू ग्रुपमध्ये यावर कोणी आनंद व्यक्त केला नाही. उलट सगळ्यांचे चेहरे उतरले, कारण आता नवा मॅक्रो नाकारायला कारण उरलं नव्हतं. कोपरा पुन्हा ओस पडणार होता आणि तसं म्हणायची कुणाची हिंमत नव्हती. मिनिट्समध्ये काय लिहिणार, चहासाठी वेळ पुरत नाही?

मी त्या रात्री झोपलो शांत. दुसऱ्या दिवशी मॅक्रोत आणखी काही ओळी लिहिल्या आणि पेंबर्टनसाहेबांकडे गेलो. वेळ न घेता गेलो. सेक्रेटरीने भुवया उंचावल्या.

मी खोटं बोलून काही करू शकत नाही, तसा स्वभाव नाही. म्हणून सरळ सांगितलं.

"सर, मी मॅक्रो बदललाय. खरं काम पहिल्या काही सेकंदांतच होतं. त्यानंतर दुसरा लूप सुरू होतो. तो एकेका सेलवर जातो, थोडं थांबतो, आणि पुढे जातो."

"थांबून काय करतो?"

"काही नाही, सर. काहीच करत नाही. फक्त प्रत्येक सेलवर जातो. दिसतो मात्र."

साहेब खुर्चीत मागे रेलले. मला वाटलं, आता संपलं. मी कंपनीचा वेळ वाया घालवायचं यंत्र बनवून त्यांच्या टेबलावर ठेवलं होतं.

"यादी बरोबर असेल?"

"अगदी बरोबर."

"आणि किती वेळ चालेल?"

"तुम्ही म्हणाल तेवढा, सर."

त्यांनी मग उचलला. त्यात चहा नव्हता, पण घोट घेतल्यासारखं केलं.

"पाऊण तास," ते म्हणाले. "आणि महिन्याच्या शेवटच्या सोमवारी एक तास."

मग ते म्हणाले की रिव्ह्यू ग्रुपला तांत्रिक तपशिलात शिरायची गरज नाही. रिपोर्टमध्ये लिहिलं गेलं की नव्या मॅक्रोत प्रत्येक सेलच्या तपासणीची दृश्य खात्री देणारी सोय केलेली असून ग्रुप त्याबद्दल समाधानी आहे. पुढच्या महिन्यात ग्राफच्या रेषा वर चढल्या. हेड ऑफिसने माझा मॅक्रो इतर ब्रँचनाही द्यायला सांगितलं. पेंबर्टनसाहेबांनी तर रिपोर्ट गेला त्याच दिवशी माझ्यादेखत क्रॉयडनच्या पत्रावर सही केली होती आणि म्हणाले होते, तू आता रुळलास.

पुढे त्याच कंपनीत मी बरीच वर्षं होतो. दर दोन-तीन वर्षांनी नवे, जास्त वेगवान कॉम्प्युटर यायचे, आणि काही न करणारा लूप त्यांच्यावर लवकर संपायचा. मग कुठल्यातरी ब्रँचमधून चिंतेचा फोन यायचा की मॅक्रो पंचवीस मिनिटांतच संपतोय, काहीतरी बिघडलंय. मी जायचो आणि तो पुन्हा पाऊण तासाचा करून यायचो. यासाठी मला प्रवासभत्ता मिळायचा. माझ्या उमेदवारीच्या काळात मी जी खरी सुधारणा केली तिचं एकदाही कौतुक झालं नाही. पण मी कॉम्प्युटरला ताटकळत ठेवायला शिकवलं, त्याबद्दल दोनदा बढती मिळाली. या धंद्यात नव्याने येणाऱ्या मुलांना मी एवढंच सांगतो: काम वेगाने करायच्या आधी, लोक ते संपायची वाट बघताना काय करतात ते बघून घ्या.

सही झाली त्या संध्याकाळी मी अक्काला पत्र लिहिलं. त्याची नक्कल माझ्याकडे नाही, पण अक्काने मूळ पत्र जपून ठेवलं होतं. मागच्या वेळी गावी गेलो तेव्हा तिने ते दाखवलं. ते असं:

ती. अक्कास,

विलासचा शिरसाष्टांग नमस्कार. वि. वि.

कंपनीने ठेवून घेतलं. आज साहेबांनी माझ्यासमोर सही केली. मी इथे राहणार, आता काळजी करू नको. आईला पेढे आणून दे आणि देवापुढे साखर ठेव.

तू लिहिलंस की पाटलांकडून मुलीचं स्थळ आलंय आणि मुलगा तिकडे नेमकं काय काम करतो असं ते विचारतात. मी बराच विचार केला. खोटं सांगायचं नाही आणि खरं सांगितलं तर स्थळ मोडेल, असं ते आहे. तू त्यांना सांग की मुलगा कॉम्प्युटरवर आहे, पर्मनंट आहे, निर्व्यसनी आहे.

इथल्या डेरेक नावाच्या माणसाच्या बायकोला आता बरं वाटतंय. त्याला मंगळवारची सकाळची शिफ्ट मिळाली. तिने माझ्यासाठी केक पाठवला. का पाठवला ते तिलाही नीट सांगता आलं नाही आणि मलाही नाही. केक चांगला होता, थोडा गोड जास्त.

पाटलांनी फारच खोदून विचारलं तर असं सांग: सोमवारी सकाळी ऑफिसातला मोठा कॉम्प्युटर पाऊण तास काहीच करत नसतो. तेवढा वेळ आपला विलास त्याच्या शेजारी चहा घेऊन उभा असतो आणि कोणी त्याला घाई करत नाही ना, ते बघतो. इथे ही जबाबदारीची जागा समजतात.

तुझा,
विलास